पोळ्यापर्यंतची रजा

किस्से मी जमवले नाहीत, ते साचले. दाराशी चपला साचतात ना, तसे. एकीचा जोड हरवलेला, एक नेमकी कोणाची ते आठवत नाही, पण टाकवत कोणतीच नाही. माझ्या कारखान्यातली तेव्हाची लेकरं आता सासू-सासरे झाली आहेत. भेटली की चहा यायच्या आत "बाई, ते आठवतं का?" सुरू होतं. आठवतं म्हणजे काय! तुमच्यापेक्षा चांगलं आठवतं. पण तुम्ही सांगताना मीठमसाला फार घालता, म्हणून या वेळी मीच सांगते.

*

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. सीताबर्डीवर एका खाणकंपनीचं ऑफिस होतं, तिथं मी टायपिस्ट. शिक्षण सातवी पास. इंग्रजी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले आणि टायपिंग दुसऱ्याचं मशीन पुसून देण्याच्या निमित्तानं. कोणाचे उपकार नाहीत.

ऐन मे महिन्यात राजीनामा दिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, लग्न ठरलं का? नाही म्हटलं. दुसरीकडे नोकरी लागली? तेही नाही. मग सांगितलं, लहान मुलांचा कारखाना काढते आहे. मुलं स्वतःच्या हातानं खेळणी करतील, मी शिकवीन.

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग घंटी दाबली आणि चपराशाला म्हणाले, "बाईंना पन्हं आणा. आणि एक कांदा."

नागपूरच्या उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. मला ते ऑलरेडी लागलंय अशी त्यांची खात्री झाली होती. राजीनामा काही त्यांनी घेतला नाही. पोळ्यापर्यंत बिनपगारी रजा, तोवर खुर्ची रिकामी ठेवतो, पोळा झाला की या, असा निकाल दिला.

मी राजीनामा टेबलावरच ठेवला आणि कांदा घरी आणला. चांगला निघाला.

*

ही नोकरी मला दादानं लावून दिली होती, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं. त्याच्या घरात मी राहायची, आणि त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. बोलायचं झालंच तर वहिनीमार्फत. तिघंही एकाच स्वयंपाकघरात, पाटाला पाट लावून जेवतोय, आणि हा म्हणणार, "तिले सांगून दे, पोळ्यापर्यंत काय खेळायचं ते खेळून घे म्हणा. मंग मुकाट्यानं हापिसात जाय म्हणा."

वहिनी माझ्याकडे वळणार. "ऐकलं का वं?"

"त्याले सांगा, ऐकलं."

आठवडाभर वहिनीनं निरोप इकडून तिकडे पोचवले. मग एका दुपारी भाजीची पळी ताटात आपटून म्हणाली, "मी का टेलिफोन एक्स्चेंज हाओ? आता ट्रंक कॉल बंद. ज्याले बोलायचं त्यानं तोंडानं बोला, नाही तर मुके बसा."

मुके बसलो. पोळ्यापर्यंत.

*

धरमपेठेत एका वकिलांचं गॅरेज मिळालं. त्यांनी गॅरेज आधी बांधलं होतं, मोटार घ्यायची राहून गेली होती. मी संत्रा मार्केटातून संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या आणल्या, त्यांचीच टेबलं, त्यांचीच कपाटं. सगळा कारखाना वर्षभर संत्र्याच्या वासाचा होता.

आईबाप यायचे, सगळीकडे बघायचे आणि हमखास विचारायचे, इथं शिकवतात काय? एक बाई तर इंटरव्ह्यू घ्यायच्या तयारीनंच आल्या. नवरा इंजिनिअर, मुलगा पाचवीत. पेटीवर रुमाल पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं क्वालिफिकेशन?"

"सातवी पास."

"अय्या, मग तुम्ही ह्याला काय शिकवणार?"

म्हटलं, "बाई, तुमचा बाबू पाचवीत आहे. दोन वर्षं तरी मी पुढं आहे. तो आठवीत गेला की घेऊन जा."

बाबू मॅट्रिक होईपर्यंत येत होता.

*

कुंदा म्हणून एक आठ वर्षांची पोरगी होती. मागच्या चाळीत राहायची, बाप सायकल दुरुस्त करायचा. जीभ अशी की वकीलसाहेबांनी तिला ज्युनिअर ठेवायला हरकत नव्हती.

मी कंपनीतून आले हे मुलांना ठाऊक होतं, म्हणून एकदा त्यांनी 'कंपनी-कंपनी' मांडली. सगळी कामाला लागली. कोणी कापतंय, कोणी चिकटवतंय. कुंदा मात्र सर्वांत मोठ्या पेटीत हाताची घडी घालून बसलेली. मी विचारलं, तू काहून बसली वं?

"मी साहेब हाओ."

"साहेब काय करून राहिले?"

"वाट पाहून राहिले," ती म्हणाली. "यांचं काम झालं की मी म्हनतो, पुन्हा करा."

ऑफिस तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

*

हे सगळं हसण्यावारी सांगते आहे, पण श्रावणात मला घाम फुटला होता. शाळा सुरू झाल्या, ट्यूशन सुरू झाल्या, आणि कारखान्यात पाच मुलं उरली. एका संध्याकाळी पाय आपसूक सीताबर्डीवर गेले. रस्त्यावरून खिडकीतून माझं टायपरायटर दिसत होतं, कव्हर घातलेलं. तेवढ्यात चपराशी खाली आला. म्हणाला, "बाई, तुमच्या खुर्चीवर साहेब कोनाले बसू नाही देत. मी रोज फडकं मारतो."

त्याला म्हटलं, मी केळी घ्यायला आले होते. आणि खरंच घेतली. बाकी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

*

आता शेवटचा. तुम्ही सगळे हाच मागता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं रांगेत उभी करतात, नंबर काढतात. मी ठरवलं, माझी मुलं बैल विकत आणणार नाहीत, स्वतः करतील. कागदाचा लगदा, मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. खळीत मोरचूद घालतात, ते मी घातलं नाही. विष आहे ते, आणि माझी मुलं बोटं चाटायची. श्रावणाच्या दमट हवेत बैल वाळता वाळेनात, शिंगं खाली यायची. पण झाले बाई उभे! बातमी पसरली तशी जुनी मुलंही परत आली. धरमपेठेच्या गल्लीत तोरण बांधलं, खाली वीसेक बैल.

दादानं परीक्षक म्हणून कोणाला बोलावलं? साहेबांना. मला न विचारता. साहेब धोतर नेसून आले, हातात बक्षिसाची घुंगुरमाळ. दादाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आजचा तमाशा बघा आणि हिला सोमवारी घेऊन जा. गल्लीत आईबाप उभे. इथं फजिती झाली असती तर दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप, मला माहीत होतं.

साहेब भाषणाला उभे राहिले. तेवढ्यात गवळ्याची गाय गल्लीत शिरली.

मैदा आणि मेथी. तिला आणखी काय पाहिजे? रांगेच्या टोकाला कुंदाचा बैल होता. गाईनं आधी त्याला चाटलं, मग शिंगं खाल्ली, मग डोकं. लोक हाकलायला धावेपर्यंत मानेपर्यंतचा बैल साफ झाला होता.

आधी कोणीतरी हसलं, मग सगळेच. दादानं साहेबांकडे बघून मान हलवली. मला वाटलं, संपलं.

साहेब भले माणूस. कुंदापाशी वाकले, म्हणाले, "रडू नकोस बेटा. मी तुला बर्डीवरून लाकडाचा आणून देतो. छान, पॉलिश केलेला."

कुंदा रडत नव्हतीच. ती उरलेल्या बैलाकडे बघत होती. मान वर करून म्हणाली, "लाकडाचा नोको. माहा बैल गाईले खरा वाटला. लाकडाचा वाटते का?"

साहेब सरळ झाले. मग बाकीची रांग न बघता त्यांनी घुंगुरमाळ कुंदाच्या हातात दिली.

ती कुठं बांधायची, कुंदा शोधू लागली. बैलाला मान कुठं होती? दोन्ही बाजूंनी बघून झालं. मग ती उठली, गल्लीच्या कोपऱ्यावर रवंथ करत उभ्या असलेल्या गाईकडे गेली, टाचा उंच करून तिच्या गळ्यात माळ बांधली आणि पाठीवर थाप मारली. गाय निघाली. छुमछुम करत पार कोपऱ्यापलीकडे.

साहेब तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत उभे होते. मग दादाकडे वळून म्हणाले, "सोमवारी मी त्या खुर्चीवर नवा टायपिस्ट बसवतो."