तुसाची राख

ब्लेड तुटलं आणि ह्यांच्या मानेत बसलं. उरलेला पट्टा मशीनच्या चाकावर सपासप फटके मारत होता. मी धावले, तर माझा दीर ओरडला, "वयनी, फुडं येऊ नको!" आणि ह्यांच्याकडे न बघता आधी त्यानं बटण बंद केलं. गावानं तेवढंच धरून ठेवलं. भाऊ पडला आणि हा मशीनकडे धावला म्हणे.

माझ्या दिराइतका हट्टी माणूस मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांत झाला नाही. मुरबाडजवळच्या आमच्या गावात हे दोघे भाऊ घरच्या पडवीत कोयते आणि सुऱ्या करायचे. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पोलादी पाटे आणायचे आणि बँडसॉवर, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या करवतीवर, त्यांतून पात्यांचे आकार कापायचे. ब्लेड कोणतं घ्यायचं ते मात्र दीरच ठरवणार. पोलादाचा तुकडा पंच्यात गुंडाळून जीपनं कल्याणला न्यायचा, आणि दुकानातल्या एकेका ब्लेडच्या दातांवर ठेवून बघायचा. "कमीत कमी तीन दात मालावर बसाया पायजेत. नायतर दात अडकतो न् मोडतो." दुकानदार म्हणाला, "काका, बॉक्सवर सगळं लिहिलंय." हा म्हणाला, "मला बॉक्स कापायचा नाय." मग ब्लेड कानाशी धरून नखानं टिचकी. आवाज आवडला नाही की हात हलवत परत.

त्याच्यासाठी सापगावला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तर नवरा मुलगा जागेवर नाही. तो आत, त्यांच्या विळीवर अंगठा फिरवत बसलेला. बाहेर येऊन मुलीच्या बापाला म्हणतो, "मामा, खवणीचे दात पार गेलेत. पोरगी नारळ खवते का नुसता घासते?" लग्न कसलं जमतंय! येताना मी विचारलं, "भावजी, मुलगी कशी होती?" म्हणाला, "बघितली नाय."

तुटलेलं ब्लेड तो टाकायचा नाही. टोकं वेल्डिंगनं जोडायची, सांधा पुन्हा लाल करायचा आणि तुसाच्या गरम राखेत पुरायचा. जोडलेल्या जागी पोलाद काचेसारखं होतं. राखेत सावकाश निवलं तरच ते नरम पडतं आणि चाकावर वाकतं. त्यासाठी भाताच्या गिरणीतून तुसाच्या गोणी आणायचा. मी चुलीला निखारा मागितला तरी म्हणायचा, "वयनी, हळू. ते झोपलंय."

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायचे दिवस होते. कोयत्यांना अंगणात गिऱ्हाईक उभं. हे तापट. "काढ रे ते भायेर! माणसं ताटकळलीत न् तू काय अंडी उबवतोस?"

"दादा, निवू दे."

"मोठा तू का मी?"

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या माणसानं त्या दिवशी ऐकलं. ब्लेड बाहेर काढलं. निवायला वेळ नको म्हणून ह्यांनीच त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं. दिरानं कानाशी धरून टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "चढव," हे म्हणाले. मशीनचं झाकण तर अडचण होते म्हणून ह्यांनी कधीचंच काढून टाकलेलं.

पाणी कुणी ओतलं ते दीर आजवर कुणाला सांगत नाही. विचारलं तर "ब्लेड मी निवडलं" एवढंच. मी सांगते, तर बाया म्हणतात, म्हातारी दिराची बाजू घेते. घेते. बटण आधी बंद केलं नसतं तर त्या पट्ट्यानं मलाही घेतलं असतं, हे त्या बायांना कोण सांगणार?

मशीन विकलं. तूस मात्र तो अजून आणतो. परसात पेटवतो, आणि आत काही पुरलेलं नसताना राख निवेपर्यंत शेजारी बसून राहतो. मी चहा नेऊन ठेवते. कधीकधी मीही बसते.

त्या दिवशी पडवीत आम्ही तिघं होतो. वाचलो तो आणि मी.