डावीकडची ओळ

सरूला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला, आई गेली म्हणाला. मी कापसात होते. कापसानं भरलेली कमरेची ओटी रिकामी केली आणि मग घरी आले. दीड महिना झाला त्याला.

सरू माझी धाकटी जाऊ. पस्तीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी कापूस वेचला. एक बाई दोन ओळींच्या मधून चालते, दोन्ही बाजूंचा कापूस घेते. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख. यंदा मात्र ती डावीकडची ओळ सोडून पुढं जायची. बोंडं पांढरीफेक उभी... मी मागून वेचत यायचे आणि टोचायचे, "म्हातारी मी हाय का तू? अर्धं रान कुणाला ठेवलंस?"

"अक्का, मला दिसलंच न्हाई."

डोकं दुखतं म्हणायची. मी सुंठ उगाळून दिली.

ताडकळसला बाजाराच्या दिवशी डोळे तपासायचं शिबिर होतं, तिथं नेलं. डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिनं थेंब घातले, उजेड पाडून डोळ्याच्या आत बघितलं, बाजूला बोटं हलवली. डावीकडची बोटं सरूला दिसेनात. मग सरू पदर डोळ्यांवर घेऊन बाहेर बसली आणि मला आत बोलावलं.

"आजी, हे चष्म्याचं काम नाही. डोळ्यामागची नस सुजलीय. ती मेंदूकडे जाते. डोक्यात दाब वाढलाय. उद्याच परभणीला न्या, डोक्याचा फोटो काढा."

चिठ्ठी दिली. मी चौथी शिकलेली, सरूला वाचता येत नव्हतं.

बाहेर येऊन मी म्हणाले, "चष्मा लागलाय."

कापूस फुटला होता, बायामाणसं ऊसतोडीला गेलेली, आभाळ आलेलं. आठ दिवसांनी नेऊ म्हटलं. डोळे दाखवायला गेलो तर ही डोक्याचं काय सांगते, असंही वाटलं. बाजारातच तयार चष्मा घेऊन तिच्या नाकावर ठेवला.

"दिसायलंय का?"

"दिसायलंय, अक्का."

मला बरं वाटावं म्हणून बोलली. डावी ओळ तशीच राहत होती. मी टोचायचं तेवढं बंद केलं.

सातव्या दिवशी ती कापसातच पडली. परभणीत फोटोत गाठ दिसली. आधी आणलं असतं तर... मी विचारलं नाही.

चिठ्ठी माझ्या पानसुपारीच्या चंचीत आहे. घरात कुणाला दाखवली नाही, आज इथं सांगते आहे. शेवटची वेचणी चालू आहे. मी दोन्ही ओळी नीट वेचते, बांधावर पोचले की मागं वळून बघते. डावीकडं एखादं बोंड पांढरं राहिलेलं असतंच.

ते मी तोडत नाही.