वन्स मोअर दिलेला सोलो

अमेरिकेत ॲन आर्बरला असताना दर गुरुवारी संध्याकाळी मी आणि बायको युनिव्हर्सिटीजवळच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये जायचो. जेवण यथातथाच. जायचो ते गिटार, बास आणि ड्रम्स अशा तिघांचं जॅझ ऐकायला. मला मूळ चालीपेक्षा सोलोचं वेड. वादक ओळखीची चाल सोडून मनाचं वाजवायला लागला, की माझा जीव टांगणीला लागतो. आता हा परत कसा येणार? ट्रंपेटवाले सुसाट सुटतात, तेही आवडतं. पण माझं खरं प्रेम बोसा नोव्हावर. ब्राझीलकडचं ते हळू आवाजातलं संगीत. त्यात गिटारवाला दोन सुरांमध्ये एवढी जागा सोडतो, की ऐकणाऱ्यानंच कासावीस व्हावं.

आमचा गिटारवाला साठीचा. मनातल्या मनात मी त्याला काकाच म्हणायचो. २००४च्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि बऱ्याच महिन्यांनी तो परत आला, तेव्हा काउंटरपाशी मला म्हणाला, "आज एकच सोलो. डॉक्टरनं तेवढीच परवानगी दिलीय. जमला तर मालक मला ठेवेल, नाही तर त्यानं दुसरा बघून ठेवलाय."

झालं. आमचं टेबल अगदी पुढे, त्यामुळे मनगटावरचा व्रणसुद्धा दिसत होता.

शेवटी बोसा नोव्हा सुरू झाला. काकांनी चाल वाजवली, आणि सोडली. खालच्या तारेवरून सावकाश वर चढले. बोटं ताणायची जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सूर लख्ख आला. मग ती झरझर उतरणारी तान, एकही सूर न सांडता, आणि थेट चालीवर परत! टाळ्या पडल्या. काउंटरमागे मालक हसत होता.

आणि मी ओरडलो, "वन्स मोअर!"

पुण्यात नाट्यसंगीत ऐकत वाढलेला माणूस मी. पद रंगलं की वन्स मोअर द्यायचा आणि गायकानं ते पुन्हा म्हणायचं, हा आमचा शिरस्ता. तोंडातून निघून गेलं. बाकीच्या टेबलांना गंमत वाटली, तेही ओरडायला लागले. मालकानंही मान डोलावली.

"अरे, काय केलंस हे? त्याचा हात!" बायकोनं मला चिमटा काढला. "आता कॅन्सल कर ना!"

आता काय कॅन्सल करणार? काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांनी मनगट चोळलं आणि पुन्हा सुरुवात केली.

मघाच्याच जागी बोटं अडली. सूर दबला. त्यांनी हात तारांवरून उचलला, आणि बास आणि ड्रम्स नुसतेच चालत राहिले. मालकाचं हसू मावळलं. मग एकच सूर आला. थांबला. तोच सूर पुन्हा, जरा उशिरा. पुन्हा, आणखी उशिरा. मग शेजारचा एक. तान नाही, धाव नाही. दर सुराला वाटे, हा शेवटचा. लोकांनी काटेचमचे खाली ठेवले. त्या दोन-तीन सुरांवरून काका चालीवर कसे आले, मला आजही सांगता येणार नाही. टाळ्यांचंही कोणाला लगेच सुचलं नाही.

मालक स्वतः बर्फाची पिशवी घेऊन आला. "पुढच्या गुरुवारी ये," एवढंच म्हणाला.

मी खाली मान घालून माफी मागायला गेलो. काका मनगटावर बर्फ धरून बसले होते.

"पहिला सोलो पाठ केलेला होता," ते हळूच म्हणाले. "घरी बसून, एकेक सूर. हाताचा भरवसा नव्हता ना. तू पुन्हा मागितलास, तेव्हा तो हाताला झेपेना, आणि माझ्याकडे दुसरं काहीच तयार नव्हतं. जे वाजलं, ते तिथंच सुचलं."