आप्पांनी स्वतःवर घेतलेली चूक

हॉस्पिटलच्या यंत्रातलं सर्किट बोर्ड आप्पांनी माझ्यादेखत पाण्यात बुडवलं, तेव्हा मी ओरडलेच. डिप्लोमा करून नंदुरबारच्या त्या दुरुस्ती केंद्रात रुजू झाले, त्याचा तो पहिला दिवस. आप्पांनी मान वर केली नाही. मऊ कुंचल्याने ते बोर्डावर चिकटलेले बुडबुडे एकेक करून झटकत होते.

"थांब माय. बुडबुडा शे तठे आवाज अडकस."

आवाज म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी. त्या पाण्यातून बोर्डावरच्या बारीक भागांत शिरायच्या, आत कुठे तडा असला की तिथून परतायच्या आणि पडद्यावर पांढरी रेघ उमटायची. सुरतेच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आमच्या केंद्राच्या शेठनी ते जुनं मशीन आणलं होतं आणि त्याच्यासोबत ते चालवणारे आप्पाही. आप्पा मूळचे नंदुरबारजवळच्या कोरीट गावचे. सुरतेत अर्धं आयुष्य काढूनही त्यांची अहिराणी जराही बदलली नव्हती. "चाली ऱ्हायनं म्हनीसन धड शे, असं समजू नको," हे तर रोजचंच. तपासलेलं बोर्ड ते न्हाऊ घातलेलं लेकरू पुसावं तसं पुसायचे, मग वाळवायला ठेवायचे.

वर डोंगरात, धडगावकडच्या एका आरोग्य केंद्रातून नवजात बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरचं बोर्ड आलं. टेबलावर ते व्यवस्थित चाललं. पाण्यात मात्र तिळाएवढ्या कपॅसिटरच्या पोटात रेघ दिसली. आप्पांनी चिठ्ठी लावली, 'वापरू नये'. नवीन कपॅसिटर सुरतेहून यायचा होता. आप्पा भाचीच्या लग्नाला गेले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरचा फोन आला, "मॅडम, आमच्याकडे एकच वॉर्मर आहे हो." शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग दे. काहीच नसण्यापेक्षा बरं." मलाही ते पटलं. चिठ्ठी काढली ती मी.

घाटातले धक्के खात बोर्ड वर पोचलं. तीन दिवसांनी, भर दुपारी, आत एक बाळ असताना वॉर्मर बंद पडला. सिस्टरने बाळ आईच्या छातीशी बांधलं आणि दोघांना घेऊन जीपने खाली निघाली. बाळ वाटेतच गेलं. वजन फार कमी होतं, नक्की कशाने गेलं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या वाक्याला धरून बसले. लग्नाहून परतलेल्या आप्पांनी ते ऐकूनही घेतलं नाही. "चाल," एवढंच म्हणाले.

पाड्यावर बाळाचा बाप दारात बसला होता. त्याचं पावरी बोलीतलं बोलणं सिस्टरने मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, मशीन कोणी तपासलं होतं?"

"मी," आप्पा म्हणाले. "चूक मन्ही शे."

मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं नाही. बापाने आत जाऊन आम्हाला पाणी आणून दिलं. आप्पा प्यायले. मी पेला तसाच खाली ठेवला.

परतताना जीपमध्ये मी रडत विचारलं, "आप्पा, खोटं का बोललात?"

"खोटं कशाले? तुले शिकाडं कोनी? मीच ना."

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. मी कोरीटला दोनदा त्यांना भेटायला गेले. दोन्ही वेळा चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. कामाचा विषय त्यांनी काढला नाही, मला काढवला नाही.

गेल्या पौषात आप्पा गेले. मी सांत्वनाला दारावर गेले तेव्हा त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "माय, तू संगे काम करे. खरं सांग. तेस्नीच चूक व्हती का? शेवटलोंग मन्हाशी तेनाबद्दल बोलनात नहीत."

"नाही काकू," मी म्हणाले. "माझी होती."



"ते जित्ता व्हतात तवय सांगाले काय व्हयनं व्हतं तुले?" त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.