उखाण्यावर मिळालेली परवानगी

अन्याय माझ्यावर झाला. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, रमजान ईदेनंतरच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पनवेलच्या कचेरीत. उतारे काढायला आलेले आठ-दहा लोक तिथं होते. दोन शिपाई होते. दाराशी बाकावर माझी सासू बसली होती.

टेबलामागच्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणत. माझा प्रश्न एका ओळीचा होता. मला इथली नागरिक करा म्हणून माझा अर्ज पडून आहे, तो निकालात निघायच्या आत मी कराचीला बापाला बघून आले तर चालेल का?

"नवऱ्याचं नाव?" भाऊसाहेबांनी विचारलं.

आमच्या मोहल्ल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तुमच्या आळीतही घेत नाही.

"अर्जावर लिहिलंय, भाऊसाहेब."

"अर्ज मला वाचता येतो. लग्न खरं की नुसतं कागदावरचं, ते बघायचंय. लाजता काय? आमच्या बायका उखाण्यात घेतात. घ्या उखाणा."

"घ्या, घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

शिपायानं पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली. तमाशाला बसतात तसा बसला.

मी घेतला. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. बापाला लकवा झाला होता, भावाचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते, आणि हा माणूस हो म्हणाल्याशिवाय मी निघू शकत नव्हते. म्हणून घेतला.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव,
इस्माईलमियांचं घेते मी नाव.

माझा नवरा चाकांच्या कारखान्यात धाव बसवतो. तेवढंच सुचलं.

कचेरी हसली. "अरे, ही पाकिस्तानीण तर आपल्यातली निघाली!" टाळ्याही पडल्या. भाऊसाहेब खूश. म्हणाले, "जा. बापाला भेटून या. अर्जाला काही होत नाही."

तोंडानं म्हणाले.

मी कोण ते आता सांगते. माझा जन्म पनवेलचा. तिसरीपर्यंत इथल्या मराठी शाळेत होते. बापाला कराचीच्या गोदीत काम मिळालं म्हणून आम्ही गेलो, तेव्हा ते गाव आणि हे गाव एकाच सरकारचं होतं. फाळणी झाली तेव्हा मी दहा वर्षांची. तुला कुठलं व्हायचंय, असं मला कुणी विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, मुलाशी निकाह झाला, फुफीच सासू झाली आणि मी परत आले. ज्या गल्लीत रांगले त्या गल्लीत परदेशी म्हणून. हातात पाकिस्तानचा पासपोर्ट, चौकीवर हजेरी. लग्न इथल्या माणसाशी झालंय, मला इथं राहू द्या, म्हणून अर्ज केला. विसरलेलं मराठी भातगिरणीच्या कामगारांची पत्रकं उतरवता उतरवता परत आलं. गोड लिहायला मला कुणी शिकवलं नाही.

त्या गुरुवारी पायऱ्या उतरताना मी फुफीला म्हटलं, "हे लिहून मागू या."

फुफी भडकली. "पोरी, साहेबाचा तोंडचा शबुद हाय. वर कागद मागतंस? त्याला खोटा ठरवतंस?"

फुफीला दोष देत नाही. आमच्या बाजारात चाकाच्या जोडीचा सौदा शब्दावर होतो, सोयरीक शब्दावर ठरते. कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. आम्ही कचेरीलाही बाजारच समजलो. चूक ती.

मी गेले. बोटीनं, डेकवर बसून. बापानं ओळखलं. बोलता येत नव्हतं, माझा हात छातीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला. अकराव्या दिवशी वारला. चाळिसावा करून परतीच्या व्हिसासाठी आपल्या वकिलातीत गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "अर्जदार देश सोडून गेली, म्हणून तुमचा अर्ज बंद झालाय."

"मला परवानगी दिली होती."

"दाखवा."

काय दाखवणार? उखाणा?

दहा महिने त्या खिडकीपुढे काढले. भावजय चांगली, पण तिलाही पोरं. ती म्हणायची, "हिंदुस्थानवाली, तुझ्या सरकारनं तुला ठेवून घेतलं असतं तर माझ्या चुलीशी कशाला आली असतीस?" हसत म्हणायची. खरंच म्हणायची. नवऱ्याची पत्रं उघडून चिकटवलेली येत. शेवटी व्हिसा मिळाला. तीन महिन्यांचा. पाहुणी म्हणून. स्वतःच्या नवऱ्याकडे पाहुणी.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी कचेरीत गेले. तेच टेबल. तोच माणूस. नवा अर्ज पुढं ठेवला. त्यानं मला ओळखलं, आणि त्याचा चेहरा खुलला. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून चेहरा खुललेला तो एकच सरकारी माणूस.

"उखाणेवाल्या बाई! दहा महिने नवऱ्याला टाकून बसलात. आता लग्न उरलंय का? घ्या बघू एक नवीन."

मी दमले होते. शूर वगैरे काही झाले नव्हते, हे लिहून ठेवा. पाय दुखत होते, खिडक्यांपुढे उभं राहून राहून माझ्यातली लाज झिजून गेली होती. मी म्हणाले,

"नवऱ्याचं नाव इस्माईल. इस्माईल. तुमच्यासाठी यमक जुळवणार नाही. मागं तुम्ही मला तोंडी जा म्हणालात. माझं घर बुडालं. आता हा अर्ज मिळाल्याची पोच द्या. सही, तारीख, शिक्का. पोच मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"कुठं बोलताय, कळतंय का?"

"कळतंय. तेही लिहून द्या."

कुणी हसलं नाही. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, मी उभीच. चार वाजता पोच मिळाली. हातावेगळी करावी तशी टेबलावरून खाली फेकली. मी ती उचलली. वाकून उचलावी लागली, तेवढं त्यानं साधलंच.

घरी फुफी रडली. भर कचेरीत, परक्या पुरुषांत सुनेनं मुलाचं नाव उघडं घेतलं! नवरा कारखान्यातून आला, हकीकत ऐकली, हातपाय धुतले. मग म्हणाला, "चार वर्षांत पहिल्यांदा उघडं नाव घेतलंस. आणि तेही त्या मेल्यापुढं. एकदा मला तरी ऐकव." मी ऐकवलं. आता घरात मी त्याला नावानं हाक मारते. फुफी तेवढ्यापुरती परसात जाते.

पण पोचेनं माणूस इथला होत नाही. भाऊसाहेबांनी नवी अट घातली. मला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या आणा. मी गिरणीच्या मालकाकडे गेले. माझा बाप यांच्या अंगणात गोट्या खेळलेला. मालक म्हणाले, "मुली, तुझ्यासाठी जीव तुटतो. पण सहीचं बोलू नकोस. दिवस बरे नाहीत." पहिलीत माझ्याकडून बाराखडी गिरवून घेणाऱ्या मास्तरांकडे गेले. त्यांनी चहा दिला, चष्मा शोधला, सापडला नाही. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मग गव्हाणची ताराबाई आली. आमच्या दारी सुकी मासळी विकते, मी रांगत होते तेव्हापासून. "मी वलखतंय ना तुला! चल." कचेरीत तिनं अंगठा पुढं केला. भाऊसाहेब म्हणाले, "अंगठा चालत नाही. प्रतिष्ठित माणूस हवा."

ताराबाईनं टोपली खाली ठेवली. "माझ्या नवऱ्याची खाजणाची जमीन लिवून घेतलीत तवा अंगठा चालला. तवा मी परतिष्ठित व्हते नाय?"

तिनं स्वतःच शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि माझ्या अर्जावर उठवला. पुसू नका म्हणाली. कुणी पुसला नाही.

माझ्या मुदतीचे एकोणीस दिवस उरलेत. विसाव्या दिवशी मला बोटीवर बसवायला पोलीस येतील. मी स्वतःच्या पायानं जाणार नाही. उचलून न्यावं लागेल, दिवसाउजेडी, भर बाजारातून. तोवर रोज अकरा वाजता मी कचेरीत उभी असेन.

हे वाचणाऱ्या पनवेलकरा, तुला सही येते. येते म्हणूनच तू हे वाचतो आहेस. मला हळहळ नको, चहा नको. उद्या अकरा वाजता कचेरीत ये आणि ताराबाईच्या अंगठ्याखाली सही कर.