भोंग्यापुढचे अकरा सेकंद

आधीच सांगते, असले किस्से सांगणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी मीच असते. नागपुरातच सायकॉलॉजीत एम.ए. करतेय, त्यामुळे माझं उत्तर तयार असतं – झोप झाली नसेल, आठवणी दगा देतात, वगैरे. पण हा किस्सा माझ्या आईचा आहे. आणि ती याच डिपार्टमेंटमध्ये हाच विषय शिकलीय... भरभर टाइप करतेय, चुका समजून घ्या!

साल १९८१. आई नरखेडकडची, संत्र्याच्या बागेवाल्यांची पोरगी. एम.ए.ला नागपूरला आलेली गावातली पहिलीच. आजोबांची एकच अट – "एकदा बी नापास झाली तं पेटी बांधून वापस यायचं."

त्या दिवसांबद्दल बोलताना आईचा चेहरा काय खुलतो! भाड्याची सायकल, सदरच्या दुकानांसमोरून काहीही न घेता मारलेल्या चकरा, घरून एसटीच्या टपावर येणारी संत्र्यांची टोपली – जी होस्टेलच्या जिन्यातच संपायची. आणि पहिल्या मजल्यावरची लॅब, लाकडी कपाटं, टिकटिक करणारं मोठं स्टॉपवॉच...

तर प्रॅक्टिकल होतं शब्दांचं. तुम्ही वीस शब्द एकेक करून म्हणायचे, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, तुम्ही वेळ मोजायची. समोरच्या माणसाला आम्ही 'सब्जेक्ट' म्हणतो. जिथे सब्जेक्ट अडकतो, तिथे काहीतरी दुखतंय असं समजायचं. शेवटी त्याची सही घ्यायची.

आईची सब्जेक्ट होती तिची रूममेट नलिनी. ती नेमकी गालफुगी होऊन घरी गेली, आणि जर्नल द्यायचा शेवटचा दिवस आला. मग आईने तेच केलं जे आम्ही सगळेच कधी ना कधी करतो (खोटं कशाला बोलू) – डेटा पकवला! भरदुपारी होस्टेलच्या खाटेवर बसून तिने एक बाई तयार केली. नाव कमल. वय एकवीस, शिक्षण सातवी, वडील मिलमध्ये. पाणी – माठ. सुई – दोरा. सावली – कडुलिंब. वेळा सगळ्या दीड-दोन सेकंद.

मग तिला वाटलं, हे फारच गुळगुळीत दिसतंय. खरं माणूस कुठेतरी अडखळतं. तेवढ्यात बाहेर मिलचा भोंगा वाजला. यादीत सतरावा शब्द 'भोंगा'च होता. तिने त्यापुढे लिहून टाकलं – अकरा सेकंद, उत्तर नाही.

सही मात्र केली नाही. "खोटं माणूस चालते, खोटी सही नाही," हे आईचं तेव्हाचं तत्त्वज्ञान :)

जर्नल त्याच संध्याकाळी डिपार्टमेंटच्या कपाटात गेलं. किल्ली लॅब अटेंडंट शंकरभाऊंकडे. आतलं पान कोणीच पाहिलं नव्हतं, नलिनीनेही नाही.

परीक्षेला बाहेरगावच्या एक मॅडम आल्या. सकाळीच त्या पानावर थांबल्या.

"सही कुठेय?"

"राहिली, मॅडम."

"मग तीनपर्यंत बोलवा त्यांना. मी स्वतः चाचणी घेते. नाही आल्या, तर जर्नल धरणार नाही."

जर्नल नाही म्हणजे नापास. नापास म्हणजे पेटी.

आई खाली पायरीवर बसून रडायला लागली. नलिनी, तोपर्यंत बरी होऊन परत आलेली, म्हणाली, "रडून काहून राहिली वं? कोणालेही उभी कर, नाव कमल सांग म्हणा."

"अन् वीस उत्तरं? तीनपर्यंत पाठ होतीन का तिले?"

शेवटी आईने ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं. पावणेतीनला ती जिना चढली. दारातच शंकरभाऊ – "कुठं होत्या बाई? तुमची सब्जेक्ट कवाची येऊन बसली नं!"

आत बाकावर एक बारीकशी बाई. फिक्कं निळं पातळ, मांडीवर जेवणाचा रिकामा डबा. आईला बघून ओळखीचं हसली. "उशीर तं नाही झाला नं, ताई?"

आई दाराची चौकट धरून तिथेच उभी राहिली.

मॅडमनी सुरू केलं. पाणी? माठ. सुई? दोरा. सावली? कडुलिंब. मॅडम जर्नलवर पेन्सिलीने टिक करत होत्या, हळूहळू पेन्सिल संथ झाली. कारण खरा माणूस दुसऱ्या वेळी सगळं सारखं सांगतच नाही, दोन-चार शब्द तरी बदलतातच. इथे सोळाच्या सोळा तेच.

"भोंगा."

बाईने डब्याकडे पाहिलं. झाकणावरची बोटं घट्ट झाली. टिक, टिक... फक्त स्टॉपवॉच.

मग ती हळूच म्हणाली, "पुढचा विचारा नं, बाई."

मॅडमनी काटा थांबवला होता. घड्याळ आईसमोर धरलं. अकरा.

उरलेले तीनही तेच. बाईने मॅडमच्या हिरव्या पेनने एकेक अक्षर जुळवत सही केली आणि निघाली. आई व्हरांड्यात तिच्या मागे धावली.

"थांब वं! कोणं पाठवलं तुले?"

"कोणं म्हणजे? तुमीच तं घेतली नं टेस्ट. खाटेवर बसल्या होत्या." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "बाकी सारं बरोबर लिवलं, ताई. तो एक शब्द काहून टाकला माह्या वाट्याले?"

आणि गेली.

आई पास झाली. हुडकेश्वरच्या एका शाळेत रिटायर होईपर्यंत समुपदेशक होती. मुलं बोलता बोलता अडकली की ती घाई करायची नाही, गप्प बसून राहायची. पास झाल्यावर कित्येक रविवार ती सायकलने मिलच्या वस्त्यांत फिरली. कमल नावाच्या पाच-सहा जणी भेटल्या. ही नाही. आता तर भोंगाही बंद झाला.

जर्नल आत्ता माझ्या टेबलावर आहे. आईची शाई निळी, कमलची सही हिरवी. मी म्हटलं, नलिनीमावशीनेच केलं असेल, शंकरभाऊंकडून किल्ली घेऊन! आई म्हणाली, "असन. पण तिनं आतापर्यंत हजारदा हसत सांगितलं असतं वं." मग म्हणाली, "माहा प्रश्न तो नाहीच. ते आधीपासून होती, का मी लिवली म्हणून झाली? अन् लिवायचंच होतं, तं दुखणं काहून लिवलं मी?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाहीये. तुमच्याकडे असेल तर खरंच सांगा.

गेल्या आठवड्यात माझी सब्जेक्ट आली नाही. मी पेन उघडलं, नावाच्या रकान्यावर टेकवलंसुद्धा... आणि कोरं पान घेऊन सरांकडे गेले. जाम बोलणी खाल्ली.

चालेल.