ताईच्या दोन वह्या
मला वाचवलं ते कॉलेजच्या ताईनं. आंबलेल्या भाताचा वास आला की आजही तीच आठवते. आठवीत शाळा सोडून नांदेडहून आलेली मी अंबडला कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होते. ताई तिथं अभ्यासासाठी नोंदी घ्यायला यायची; सार्वजनिक आरोग्याची पदवी नि पोषणाचं एम.एस्सी. एकदमच करत होती, म्हणून तिच्या वह्या दोन. एकीत कोण आजारी पडलं, दुसरीत पातेल्यात काय पडलं. कामगारांना जुलाब लागले तेव्हा कँटीनचा ठेकेदार कारखान्याच्या मॅनेजरला म्हणाला, "ही अडाणी, हिलाच काढा." ताईनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. "आजारी सगळे फोडणीचा भात खाणारे. आणि काका, ही नको म्हणत असताना त्यात परवाचा भात तुम्हीच घालायला लावलात." ठेकेदाराचं उतरलेलं तोंड मी अजून चवीनं आठवते. माझी खानावळ निघू दे, त्याला परवाचाच भात वाढीन, आणि पहिलं गरम ताट ताईला.